साथीदारांसाठी जीव देणारे सैनिक : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट जवळ आले की शाळांमधून हे प्रश्न येतात. भरतीची तयारी करणारी पोरं ते वर्षभर विचारतात. पंढरपूर, बार्शी, करमाळ्याकडून येणारे पालक जरा आडून विचारतात, कारण मुलगा फौजेत गेलेला असतो किंवा जायचं म्हणत असतो. उत्तरं लहान-मोठी आहेत, कारण प्रश्नच तसे आहेत.

‘साथीदारासाठी जीव दिला’ असं नेमकं कुणाबद्दल म्हणायचं?

लढाईत गेलेला प्रत्येक जवान यात मोडत नाही, आणि असं म्हटल्याने कुणाचं मोल कमी होत नाही. गोळी कुणालाही लागते. इथे विषय आहे तो वाचण्याची वाट समोर उघडी असताना ती सोडून दुसऱ्याकडे वळलेल्यांचा. कुणी स्फोट स्वतःच्या अंगावर घेतो. कुणी पडलेल्या जोडीदाराला आणायला गोळीबारात परत जातो. कुणी बाकीच्यांना मागे पाठवून एकटा पुढे राहतो.

२००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ताज हॉटेलात मेजर संदीप उन्नीकृष्णन यांनी जखमी झालेल्या आपल्या कमांडोला आधी बाहेर काढायची सोय केली आणि अतिरेक्यांच्या मागे ते एकटे गेले. ‘वर येऊ नका, मी बघतो’ अशा अर्थाचे त्यांचे शेवटचे शब्द सांगितले जातात. नाट्यमय वाटतात, पण नीट ऐकलं तर तो हाताखालच्या माणसांना दिलेला साधा हुकूम आहे.

हातगोळ्यावर स्वतःला झोकून देणं हे सिनेमातलंच ना?

नाही, खरं आहे. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

पिन काढून फेकलेला हातगोळा साधारण चार-पाच सेकंदांत फुटतो. आगीपेक्षा मारतात ते त्याचे तुकडे, चहूबाजूंना सुटणारे. बंद खोलीत किंवा गाडीत तो पडला तर वाचणं अवघडच. पण त्यावर माणसाचं अंग आलं तर बरेचसे तुकडे तिथेच अडतात. एवढंच त्यामागचं शास्त्र.

महत्त्वाचं म्हणजे हे कुठल्याही सैन्यात शिकवत नाहीत. शिकवतात ते उलट : ओरडून सगळ्यांना सावध करा, लांब उडी घ्या, जमिनीला चिकटा. म्हणजे ज्याने हे केलं त्याने शिकवलेलं मोडून केलं. ४ डिसेंबर २००६ ला बगदादमध्ये अमेरिकेचा रॉस मॅकगिनिस हा जवान चिलखती गाडीच्या वरच्या झडपेत मशिनगनवर उभा होता. हातगोळा आत पडला. झडपेतून बाहेर उडी मारणं त्याला सगळ्यांत सोपं होतं, आणि नियमही तोच होता. त्याने आतल्या चौघांना ओरडून सांगितलं आणि पाठीने तो गोळा गाडीच्या भिंतीशी दाबून धरला. चौघेही वाचले. मॅकगिनिस १९ वर्षांचा होता, आपल्याकडे बारावी होऊन भरतीला पळणाऱ्या पोरांच्या वयाचा.

क्वचित असा माणूस वाचतोही. फेब्रुवारी १९४५ मध्ये इवो जिमा बेटावर जॅक लुकास या सतरा वर्षांच्या पोराने दोन हातगोळे अंगाखाली घेतले. एक फुटला, एक फुटलाच नाही. त्यानंतर तो साठहून अधिक वर्षं जगला.

हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्याकडे?

आपल्याकडची उदाहरणं जुनी आहेत आणि पाठ्यपुस्तकात नाहीत, म्हणून विसरली गेली.

२४ फेब्रुवारी १९४४, इटलीत मिन्यानोजवळ. मद्रास सॅपर्स या सैन्याच्या इंजिनिअर दलाचे सुभेदार सुब्रमण्यन सुरुंग काढणाऱ्या तुकडीचे पुढारी होते. जर्मनांचा एक सुरुंग असा असे की दाबला गेल्यावर क्षणभर थांबे, मग कमरेइतका उडून फुटे. तसला सुरुंग चाळवला गेला. सुब्रमण्यन यांनी स्वतःला त्यावर टाकलं आणि मागची माणसं वाचली. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्यपदक मिळालं. ते मिळवणारे ते पहिले भारतीय.

दुसरं उदाहरण सोलापूरहून फार लांब नाही, शेजारच्या कर्नाटकातलं. बंगळूरजवळ तोंडेभावी इथे १२ सप्टेंबर १९४५ ला गोळीबाराचा सराव चालला होता. महायुद्ध संपून दहाच दिवस झाले होते. रायफलीतून सोडलेला एक ग्रेनेड जवळच पडला. नाईक किरपा राम यांनी माणसांना आडोसा घ्यायला ओरडून सांगितलं आणि स्वतः धावत जाऊन तो उचलला, लांब फेकायला. तो हातातच फुटला. समोर शत्रू नव्हता, जिंकायचं ठाणं नव्हतं. वाचवायची होती ती आपलीच माणसं. मला विचाराल तर या विषयातलं सगळ्यात निखळ उदाहरण हेच.

तिसरे सवार दित्तो राम, जुलै १९४४, पुन्हा इटली. सुरुंगांच्या पट्ट्यात त्यांचा स्वतःचा पाय गेलेला. तरी ते सरपटत जखमी जोडीदारापर्यंत गेले, त्याची जखम बांधली, आणि मग प्राण सोडला.

मराठी माणसांपैकी कोण?

आधी वाचलेल्याचं नाव घेतो, कारण ते कायम राहून जातं. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, मराठा लाईट इन्फंट्री. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या बाजूची माणसं पडली. जाधवांनी एका जखमीला खांद्यावर घेतलं, खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोचवलं. पुन्हा जाऊन दुसऱ्याला आणलं. त्यानंतर एकट्याने मशिनगनची ठाणी बंद पाडली आणि काठावर चढून शिवाजी महाराजांच्या नावाने गर्जना करत बाकीच्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं युद्धातलं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं आणि ते १९८४ पर्यंत जगले.

त्याआधी, १० जुलै १९४४ ला, मराठा लाईट इन्फंट्रीचेच नाईक यशवंत घाडगे. आताच्या रायगड जिल्ह्यातले. त्यांच्या सेक्शनमधली, म्हणजे दहाएक जणांच्या तुकडीतली, बाकी सगळी माणसं पडली होती. ते एकटे मशिनगनवर धावून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच गेले. हे साथीदारांना ‘वाचवणं’ म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. पण मागून येणाऱ्यांवरची मशिनगन बंद झाली, हे खरं.

आणि तुकाराम ओंबळे. मूळचे साताऱ्याकडच्या केडंबे गावचे, आधी सैन्यात, मग मुंबई पोलिसात. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेत सोडली नाही. त्यामुळे सोबतचे पोलीस वाचले आणि कसाब जिवंत सापडला. ते गेले तेव्हा अंगावर फौजेची वर्दी नव्हती, म्हणून या यादीतून त्यांना वगळा असं कुणी म्हणणार असेल तर खुशाल म्हणावं.

सोलापूर जिल्ह्यातलं कुणी?

पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी. २९ नोव्हेंबर २०१६ ला पहाटे जम्मूजवळ नगरोट्याला तोफखान्याच्या तळावर पोलिसांच्या वेषातले अतिरेकी शिरले. ज्या इमारतींत ते घुसले तिथे जवान होते, अधिकाऱ्यांच्या घरची बायकामुलं होती. सगळे ओलीस धरले जाणार अशी वेळ आली. बारा जवान, दोन स्त्रिया आणि दोन मुलं यांना बाहेर काढण्यात आलं. मेजर गोसावी आणि आणखी एका मेजरसह सात सैनिक त्या दिवशी गेले. आत बायकामुलं असली की सरसकट गोळीबार करता येत नाही, एकेक खोली हाताने मोकळी करावी लागते. तिथे पुढे जाणाऱ्याची जोखीम किती वाढते ते यावरून कळावं.

भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव याच प्रश्नात हमखास निघतं. ते सैनिक नव्हते. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, आघाडीवरच्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला आजारपणात गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. वाचवण्याच्या कामातच गेले, पण त्यांची गोष्ट निराळी आहे आणि तिला निराळाच वेळ द्यावा.

मग चार हुतात्मे?

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१, येरवडा. तो स्वातंत्र्याच्या चळवळीतला फास होता, रणांगण नव्हतं. मान तितकाच, विषय दुसरा. शाळेतल्या भाषणांत सगळं एकाच पिशवीत भरतात, ते टाळावं.

बाजीप्रभूंची खिंड यात बसते का?

बसते, चांगली बसते. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या महाराजांना वेळ मिळावा म्हणून बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे घोडखिंडीत उभे राहिले. आजच्या सैन्यातही माघार घेताना एक तुकडी मागे ठेवतात, जी बाकीच्यांना निघून जायला अवधी देते. काम तेच. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा, त्या खिंडीत बाजीप्रभू एकटे नव्हते. आपण एकाचं नाव घेतो आणि तीनेकशे मावळे विसरतो. त्याच रात्री महाराजांचं सोंग घेऊन सिद्दीच्या छावणीत गेलेले शिवा काशीद तर बहुतेक भाषणांत येतच नाहीत. वास्तविक आपण परत येणार नाही हे त्यांना सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं.

हे धाडस उपजत असतं की सैन्यात तयार होतं?

दोन्हीचं थोडं. पण मी दुसऱ्याकडे झुकतो.

सैन्यात माणूस ‘देश’ नावाच्या मोठ्या गोष्टीत राहत नाही. तो सेक्शनमध्ये राहतो, साधारण दहा जणांच्या. तीन सेक्शनची प्लाटून, तिच्यावर कंपनी, तिच्यावर पलटण. सेक्शनमध्येही प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिलेला असतो, ज्याला फौजी ‘बडी’ म्हणतात. पहारा बरोबर, जेवण बरोबर, एकाचा ताप दुसऱ्याने बघायचा. उंचावर बर्फात एकमेकांचे पाय तपासायचे, कारण थंडीने मेलेलं बोट स्वतःला कळत नाही. घरून आलेलं पत्र, आता फोन, दोघांत वाटला जातो. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरमध्ये गेलेला आपला पोरगा पहिल्या सुट्टीला येतो तेव्हा घरी दोन दिवस जोडीदाराचंच बोलत असतो. आई वैतागते.

अशी दोन-चार वर्षं गेल्यावर तो माणूस समोर पडला तर ‘जाऊ की नको’ हा प्रश्न फारसा उरत नाही. एरवी हजार वेळा केलेलं काम या वेळी गोळीबारात करायचं असतं, इतकंच.

म्हणजे ते देशासाठी मरत नाहीत?

चार जणांत हा प्रश्न काढला की लगेच आवाज चढतात. देशासाठी ते भरती झाले, देशासाठी तिथे उभे होते. पण त्या चार सेकंदांत डोळ्यांसमोर नकाशा नसतो, माणूस असतो. ७ जुलै १९९९ ला कारगिलमध्ये पॉइंट ४८७५ वर कॅप्टन विक्रम बात्रा जखमी अधिकाऱ्याला आणायला पुढे झाले तेव्हा सोबतच्या सुभेदाराला त्यांनी मागे ओढलं, ‘तुला मुलंबाळं आहेत’ असं म्हणून, असं सांगितलं जातं. यात देश कमी होत नाही. उलट देश म्हणजे नेमकं कोण, ते कळतं.

हा उतावीळपणा नाही का? जिवंत राहिले असते तर आणखी लढले असते.

टेबलाशी बसून हिशेब बरोबर वाटतो. पण एक जण जाऊन चार वाचले तर लढायला चार उरतात. आणि आपल्याला कुणीतरी न्यायला येईल याची खात्री असलेलं पथक जास्त नेटाने पुढे जातं. मात्र सगळ्याच वेळा सुटका यशस्वी होत नाही. न्यायला गेलेला आणि पडलेला, दोघेही गेल्याची उदाहरणं आहेत. ती भाषणात सांगत नाहीत.

जे वाचले त्यांचं पुढे काय होतं?

हा प्रश्न क्वचित विचारला जातो. एकदा नववीतल्या मुलीने विचारला होता, सगळ्यात मागच्या बाकावरून.

त्यांचं सोपं नसतं. ‘तो गेला आणि मी का राहिलो’ हे डोक्यातून जात नाही. झोप उडते, दारू लागते, माणूस बोलायचं थांबतो. डॉक्टर याला वाचल्याचा अपराधभाव म्हणतात, आणि त्यावर उपचार आहेत. काही जण गेलेल्याच्या घरी वर्षानुवर्षं जातात, त्याच्या बहिणीच्या लग्नात भावाच्या जागी उभे राहतात. काहींना त्या घराचा उंबरा ओलांडवत नाही. दोघांपैकी कुणालाही नावं ठेवू नयेत. तुमच्या ओळखीत असा माजी सैनिक असेल तर प्रसंग खोदून विचारू नका. गेलेल्या मित्राचा स्वभाव कसा होता ते विचारा. बहुतेक जण त्यावर बोलतात.

कुठलं पदक मिळतं? त्यासाठी मरावंच लागतं का?

नाही. युद्धातल्या शौर्यासाठी परमवीर, महावीर, वीर चक्र. शत्रूशी थेट युद्ध नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी अशोक, कीर्ती, शौर्य चक्र. परमवीर चक्र आजवर २१ जणांना मिळालं, त्यातले १४ मरणोत्तर. म्हणजे सात जणांनी ते जिवंतपणी घेतलं.

परमवीर चक्राचा नमुना सावित्रीबाई खानोलकरांनी केला. जन्माने युरोपातल्या, लग्नाने मराठी. त्यावर इंद्राची चार वज्रं आहेत, कारण वज्र दधीची ऋषींच्या अस्थींचं. पहिलं परमवीर चक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा हे त्यांच्या मुलीच्या सासरचे, तिचे दीर. कादंबरीत लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

साथीदार वाचवण्याची कामगिरी अनेकदा कीर्ती चक्राच्या मानपत्रात सापडते. सियाचीनला १९ जुलै २०२३ च्या पहाटे दारूगोळ्याच्या साठ्याला आग लागली तेव्हा पलटणीचे डॉक्टर कॅप्टन अंशुमान सिंह यांनी झोपडीत अडकलेल्या जवानांना बाहेर काढलं आणि औषधं आणायला पुन्हा आत गेले. ते परत आले नाहीत. त्यांना कीर्ती चक्र मिळालं.

घरच्यांना काय मिळतं?

कागदावर ‘शहीद’ हा शब्द नसतो, ‘बॅटल कॅज्युअल्टी’, म्हणजे लढाईतली हानी, असा असतो. तशी नोंद झाली का, हे पहिलं तपासा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. कारवाईत गेलेल्याच्या पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, जे शेवटच्या हिशेबी पगाराइतकं असतं. साध्या कुटुंब निवृत्तिवेतनात ते तीस टक्के असतं. त्याशिवाय केंद्राचं आणि राज्याचं सानुग्रह अनुदान, विमा, मुलांच्या शिक्षणाच्या सवलती.

पदकाबरोबर दरमहा भत्ता असतो, तो पत्नीकडे जातो. तिने दुसरं लग्न केलं तर तो बंद व्हायचा, अपवाद एकच, नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं तर. ही अट २०१७ च्या नोव्हेंबरात काढली. तोवर ती होती, हे लक्षात घ्या.

पैशावरून सासर-माहेरात तेढ पडते, हे आपल्या जिल्ह्यातही झाकून राहिलेलं नाही. जवानाने सुट्टीवर असताना वारसाची नोंद तपासून, आईवडील आणि पत्नी यांचा वाटा ठरवून ठेवावा. अवघड बोलणं आहे, पण घरात बसून करता येतं.

अग्निवीराला हेच लागू आहे का?

सगळं नाही. कर्तव्यावर मृत्यू आला तर ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान आणि उरलेल्या काळाचा पगार सेवा निधीसह, म्हणजे मुदत संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेसह, मिळतो. नियमित कुटुंब निवृत्तिवेतन या योजनेत नाही. हातगोळा मात्र अग्निवीर आणि कायम जवान यांत फरक करत नाही. यावर तुमचं मत काय ते तुम्ही ठरवा, माझं तुम्हाला कळलं असेल.

आमच्या गावात जवानाचं पार्थिव येणार आहे. आम्ही काय करावं?

पहिल्या दिवशी करणारे पुष्कळ असतात. रस्ता मोकळा ठेवा, घराच्या अंगणात गर्दी होऊ देऊ नका, कॅमेरा पत्नीच्या तोंडासमोर धरणाऱ्याला बाजूला करा. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो जवानाच्या फोटोपेक्षा मोठे असतील तर ते लावू नका. ‘तू भाग्यवान’ असं त्या बाईला म्हणू नका. पलटणीतून सोबत आलेल्या जवानांना जेवायला घाला, ते दोन रात्री झोपलेले नसतात.

खरी गरज तेराव्यानंतर लागते. सोलापुरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिच्याबरोबर जाणारं कुणीतरी हवं. नावातल्या एका अक्षराच्या फरकासाठी फेऱ्या पडतात : आधारवर एक, सेवापुस्तकात दुसरं, बँकेत तिसरं. गावातला एखादा निवृत्त सुभेदार किंवा शिक्षक हे काम घेऊ शकतो. मुलांच्या शाळेकडे लक्ष ठेवणारं एक घर ठरवा. चौकाला नाव द्यायचं ते सावकाश द्या.

मुलीला शाळेत भाषण करायचंय. काय सांगावं?

एकच प्रसंग घ्या. पाच नावं घेतली की एकही लक्षात राहत नाही. तारीख, जागा, पलटण सांगा. त्याच्याकडे वाचण्याचा कोणता मार्ग होता ते सांगा, आणि कोण वाचलं ते सांगा. ‘रक्ताचे पाट’, ‘धगधगते अंगार’ हे शब्द काढून टाका. नाव उच्चारायला अवघड असेल तर आधी चार वेळा म्हणून घ्या, निदान नाव चुकू नये. वेळ उरला तर नामदेव जाधवांना घ्या. नदी, काठ, दोन फेऱ्या, तीन मिनिटांत बसतं. आणि शेवटी माणूस जिवंत घरी येतो, हे ऐकून वर्गातली मुलं जरा सैल बसतात.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. त्या निधीची पेटी शाळेत येते. भाषण त्या आठवड्यात असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आधी कळवा. जिल्ह्यातल्या एखाद्या वीरमाता किंवा माजी सैनिकाला पाहुणे म्हणून बोलवायचं असेल तर तिथूनच विचारणा करावी, परस्पर घरी जाऊ नये.